घालण्याजोगं कोणी ठरवायचं?

दोस्तांनो, यावेळी कपड्यांवर लिहितोय. नाकं मुरडू नका. "पोटाचे प्रश्न पडलेत नि हा चालला फॅशनवर" असं म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना एवढंच विचारायचंय — आपल्या बापजाद्यांना भाकरीइतकीच दुसरी कोणती गोष्ट मोजून-मापून नाकारली होती? कपडा. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाने कुठं राहायचं, कशात खायचं, हे जसं तिथं लिहिलंय तसंच अंगावर काय घालायचं हेही लिहिलंय. प्रेतावरची वस्त्रं. दागिने लोखंडाचे. म्हणजे आपला ड्रेसकोड आपल्या जन्माआधीच ठरलेला. मग कपडा हा आपला विषय नाही तर कोणाचा?

तर मुद्दा.

परदेशातल्या बड्या फॅशनघरांच्या दुनियेत दोन शब्द चालतात. एक वेअरेबल — घालण्याजोगं. दुसरा फँटसी — स्वप्नातलं. एकेका गिऱ्हाइकाच्या मापाचं हातानं शिवून देतात त्याला कुट्यूर म्हणतात. ते मूठभर श्रीमंतांचं. दुसरा माल तयार कपड्यांचा, रेडी-टू-वेअरचा. १९६६ साली पॅरिसात इव्ह सॅं लोराँने तयार कपड्यांचं दुकान थाटलं, नि तेव्हापासून मोठ्या घराचं नाव मध्यमवर्गाच्या खुंटीवर लटकायला लागलं. आता दर हंगामात रॅम्पवर कलेक्शन निघतं, नि पुढच्या रांगेत बसलेले समीक्षक भांडतात. एक म्हणतो, हे रस्त्यावर कोण घालणार? दुसरा म्हणतो, अरे बाबा, रॅम्प म्हणजे नाटक, स्वप्न बघायला आलास की शर्ट घ्यायला? दुकानदार गालात हसतो. त्याला दोन्ही पाहिजेत. रॅम्पवर स्वप्न दाखवायचं नि गल्ल्यावर पर्स, चप्पल, अत्तर, गॉगल विकायचे. स्वप्न परवडत नाही त्याने निदान स्वप्नाची बाटली घ्यावी.

मी म्हणतो, हे भांडणच खोटं आहे. 'घालण्याजोगं' हा कापडाचा गुण नाही. चामड्याचाही नाही. तीच वस्तू एकाच्या अंगावर स्वप्न ठरते, दुसऱ्याच्या अंगावर लाज, तिसऱ्याच्या अंगावर गुन्हा. फरक शिलाईत नसतो. ठरवायची सत्ता कोणाकडे आहे, त्यात असतो. पुरावा देतो. तीन ठिकाणचा देतो — मिलानचा, आमच्या नंदुरबारचा नि महाडचा.

१

२२ जून २०२५. इटलीतलं मिलान. प्राडा नावाच्या घराचं पुढच्या उन्हाळ्यासाठीचं पुरुषांचं कलेक्शन. पोरं रॅम्पवर चालत आली नि त्यांच्या पायात काय? अंगठा, पट्टा, सपाट तळ — आपली कोल्हापुरी! नाव काय दिलं? चामड्याची सँडल. कोल्हापूरचा पत्ता नाही. चांभाराचा तर नाहीच नाही.

हे घर ऐरंगैरं नाही. १९१३ मध्ये मारिओ प्राडाने मिलानमध्ये चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढलं. म्हणजे मूळ धंदा चामड्याचाच. तिथं चामड्याचा धंदा केला तर घराणं तयार होतं. इथं चामड्याचा धंदा केला तर जात चिकटते. त्या मारिओची नात मिउच्चा प्राडा. राज्यशास्त्रातली डॉक्टरेट, तरुणपणी इटलीच्या कम्युनिस्ट पक्षात. तिच्या हातात कारभार आल्यावर १९८४ साली घराने नायलॉनची पाठपिशवी काढली — कारखान्यात वापरायचं कापड, पण किंमत चामड्याच्या तोऱ्याची. १९८८ पासून बायकांचे तयार कपडे. साधं, कामाचं, कुरूप वाटणारंसुद्धा मोलाचं करून दाखवायचं, ही तिची ख्याती. कामगाराच्या अंगावरचं कापड श्रीमंताच्या खांद्यावर नेणं हे ह्या घराला नवं नाही. कामगार मात्र वर जात नाही, फक्त कापड जातं.

बोंब झाली. महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं. प्राडाचं उत्तर आलं ते नीट वाचा, त्यात अख्खी फॅशनची गोम आहे. भारतातल्या जुन्या पादत्राणावरून हे सुचलं, हे त्यांनी मानलं. नि पुढं काय म्हणाले? की हे कलेक्शन अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे, ह्यातली कुठलीही वस्तू विकायला बनवायची असं पक्कं झालेलं नाही. बघा! जगाच्या कॅमेऱ्यासमोर चप्पल चालली तेव्हा ती होती. 'ही कोणाची?' विचारल्यावर म्हणे ती अजून वस्तूच नव्हती, नुसती कल्पना होती. फँटसी! फँटसी म्हणजे चोरून नेलेल्या मालाची लपायची जागा. पकडलं नाही तर माल, पकडलं तर स्वप्न.

आता इकडची बाजू. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाराष्ट्रातले चार जिल्हे — कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार — बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. हक्क कोणाच्या नावावर? दोन सरकारी महामंडळांच्या. महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ नि कर्नाटकचं बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ. कातडं कमावणारा ढोर, चप्पल शिवणारा चांभार, वेणी घालणारी त्याची बायको — ह्यांच्या नावावर काही नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टापुढं जनहित याचिका आली. कोर्टाने ती काढून टाकली. तुम्ही हक्काचे नोंदणीकृत मालक नाही, मालकाने यावं, असा त्याचा अर्थ. मालक महामंडळ. मालक कोर्टात गेला नाही. मालक डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाबरोबर करारावर सही करायला गेला.

करार जाहीर झाला तो असा — महाराष्ट्र नि कर्नाटकात दोन हजार जोड बनवायचे, एकेक जोड साधारण आठशे युरोला विकायचा, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरच्या चाळीस दुकानांत. आठशे युरो म्हणजे ऐंशी हजारांच्या वर. दोन हजार जोडांचे सोळा लाख युरो. तीच घडण कोल्हापूरच्या बाजारात पाचशे-हजाराला मिळते, नि तिथंही गिऱ्हाईक शंभर रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतं.

मी कराराला सरसकट शिव्या घालत नाही. कारागिराच्या घरात चार पैसे जास्त येणार असतील तर यावेत. पण विचारतो — जोडामागे शिवणाऱ्याच्या हातात किती पडणार? आकडा छापा. वेणी घालणाऱ्या बाईला वेगळी मजुरी आहे की नवऱ्याच्या मजुरीत ती फुकट? छापा. आठशे युरोचा आकडा सगळ्या पेपरांत आला, मजुरीचा आकडाही तेवढ्याच टायपात येऊ द्या.

नि ती चप्पल बनते कशी हे शहरातल्या पोरांना ठाऊक असावं. म्हशीचं-बैलाचं कातडं. बाभळीची साल नि हिरडा घालून कमावलेलं. त्या हौदाचा वास गावाला नको, म्हणून हौद गावाबाहेर, नि हौदाबरोबर माणूसही गावाबाहेर. २०१५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बैलाची कत्तल बंद झाली, तेव्हा कातडं मिळायची एक वाट आटली. ११ जुलै २०१६ ला गुजरातच्या उन्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या पोरांना गाडीला बांधून झोडलं. म्हणजे कातडं काढलं तर पाठ सोलतात, नि तेच कातडं मिलानला पोचलं तर टाळ्या पडतात.

नवी कोल्हापुरी आधी चावते. तेल पाजा, चार दिवस सोसा, मग ती पायाची होते. घालूनच ती घालण्याजोगी होते. पण जिने ती शिवली त्या जातीला ती पायात घालून वरच्या आळीतून जायची सोय नव्हती. चप्पल हातात धरून, मान खाली घालून जायचं. शिवणाऱ्या पायाला जी फँटसी होती, ती गावच्या पाटलाला रोजची वेअरेबल होती. आज तीच मिलानला पुन्हा फँटसी झाली. चप्पल बदलली नाही. पाय बदलले.

२

आता नंदुरबार. मी इथूनच लिहितोय. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून फुटून झालेला जिल्हा; २०११ च्या जनगणनेत दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी. तुम्ही म्हणाल, मिलानचा नि सातपुड्याचा संबंध काय? संबंध तुम्हीच रोज जोडता. सांगतो.

दिवाळी जवळ आली की शहरात बोर्ड लागतात. सोसायटीच्या गेटवर, कॉलेजच्या नोटीसबोर्डावर. 'आदिवासी बांधवांसाठी वापरण्याजोगे जुने कपडे द्या.' वापरण्याजोगे! शब्द बघा. मिलानचा वेअरेबल तो हाच. मग टेम्पो भरतात नि घाट चढतात — धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडचे पाडे. गाठोडी सुटतात. त्यातून काय निघतं? लग्नात एकदा घातलेला चमकीचा घागरा. चेन तुटलेली जीन. कोण्या साहेबाचा आखडलेला कोट. बिनबटणाचे शर्ट. पोरांना रांगेत उभं करतात, मिळेल ते हातात कोंबतात, फोटो काढतात. माप कोणी विचारत नाही. रंग तर नाहीच.

शहरात ज्याची फॅशन मेली, ते वस्त्र इथं जिवंत माणसाच्या अंगावर. मनूने प्रेतावरचं सांगितलं होतं. आता प्रेताऐवजी कपाट आहे, एवढाच फरक. देणाऱ्याचं मन चांगलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्या मनानेसुद्धा उतरंड राखता येते.

आता शहाद्याच्या नाहीतर नंदुरबारच्या बाजारात या. उसतोडीवरून, गुजरातच्या मजुरीवरून माणूस परत आलेला असतो. खिशात घामाचे पैसे. दोरीवर टांगलेले नवे तयार कपडे, बरंचसं कापड सुरतेकडचं, झुळझुळीत, रंग डोळ्यात घुसणारे. विकणारा म्हणतो, "ले भो, घाली देख, अंगवर बठस का!" घालून बघ, अंगावर बसतं का. त्या एका वाक्यात माणसाची किंमत आहे. ज्याला 'घालून बघ' म्हणतात तो गिऱ्हाईक. ज्याला 'घे' म्हणतात तो भिकारी. आणि हा माणूस पोरीसाठी काय उचलतो? टिकाऊ करड्या रंगाचं नाही. झालरीचा, चमचमणारा, गुलाबी फ्रॉक. लगेच आपल्यातला शहाणा म्हणतो — "बघा, ह्यांना पैसा कसा खर्चावा कळत नाही." का रे बाबा? स्वप्न बघायला काय फक्त मिलानने परवाना काढलाय? सहा महिने कोयता मारलेल्या माणसाने पोरीला एक दिवस परी करायचं नाही? गरिबाने फक्त टिकाऊ घालावं, हा कुठल्या शास्त्रातला नियम? कुठल्या ते मी वर सांगितलंच आहे.

आता उलटी वाहतूक बघा. शहर वर घालण्याजोगं पाठवतं नि खाली फँटसी घेऊन जातं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची होळी प्रसिद्ध आहे. नवस बोललेले पुरुष अंगावर पांढरे ठिपके काढतात, कमरेला घुंगरं नि वाळलेले भोपळे बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवतात नि रात्रभर नाचतात. त्यामागे पाळणी असते — कडक व्रत, खाण्या-झोपण्याचे नियम. पाळणी मोडली तर तो साज अंगावर ठेवायचा हक्क नाही. म्हणजे त्या टोपाची 'वेअरेबिलिटी' शरीराने आधी कमवावी लागते. मी गोडवे गात नाही; नवस नि व्रत ह्यांवर माझं वेगळं भांडण आहे. पण शहरातून लेन्स घेऊन आलेल्याला ह्यातलं काय दिसतं? 'वाइल्ड'. 'ट्रायबल'. पिसं, ठिपके, घुंगरं. तो फोटो नेतो. तो फोटो उद्या कोणाच्या टेबलावर 'प्रेरणा' म्हणून चिकटेल सांगता येत नाही. नि टोप उतरवून ठेवलेला तोच माणूस मजुरीच्या ट्रकात बसतो, तेव्हा त्याचा फोटो कोणी काढत नाही. टोपातला तो फँटसी, ट्रकातला तो वापरण्याजोगा.

फाटक्याचंही तसंच. जानेवारी २००० मध्ये दिओरच्या घरासाठी जॉन गॅलियानोने पॅरिसच्या बेघर माणसांवरून कुट्यूर काढलं — चिंध्या, वर्तमानपत्राची छपाई, कमरेला लोंबणाऱ्या वस्तू. पॅरिसात निदर्शनं झाली. पण त्याच वर्षी ती वर्तमानपत्राची छपाई तयार कपड्यांत उतरली नि खपली. २०२२ मध्ये बालेन्सियागाने फाडून-मळवून ठेवलेले बूट अठराशे पन्नास डॉलरला काढले, नि कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी पिशवी सतराशे नव्वदला. फाटकं घालायला पैसे लागतात असा काळ आला. फुकटात फाटकं घालणाऱ्याला मात्र मॉलच्या दारातला वॉचमन अजून हटकतो.

३

आता महाड. डिसेंबर १९२७. मनुस्मृती जळाली ते तुम्हाला पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या आयाबायांशी काय बोलले, ते आपण कमी सांगतो. ते कपड्यांवर बोलले! लुगडं वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं नेसा. अस्पृश्य म्हणून ओळखू आणणारे गळ्या-हातातले ओझ्याचे दागिने टाका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ ठेवा. आणि बायांनी तिथल्या तिथं नेसण बदललं. पोथी जाळली ती मंडपापुढं. नेसण बदललं तेव्हा ती अंगावरूनही उतरली. सांगा, हे घालण्याजोगं होतं की फँटसी? गावाला विचाराल तर फँटसी, उद्दामपणा, पायरी सोडणं. बाईला विचाराल तर पहिल्यांदाच घालण्याजोगं काही अंगावर आलं.

बाबासाहेबांचा सूट घ्या. देश पंचा नेसणाऱ्याला महात्मा म्हणत होता, तेव्हा हा माणूस थ्री-पीसमध्ये उभा. त्याग करायला आधी अंगावर काहीतरी असावं लागतं. ज्याचे कपडे जातीनेच काढून घेतले, त्याने त्यागाचं सोंग कशाला करावं? तो सूट उकाड्यात घालण्याजोगा नव्हता. पण इतिहासात त्याच्याइतकं घालण्याजोगं दुसरं काही नव्हतं. म्हणून गावोगावच्या पुतळ्यात तो आहे, नि म्हणूनच तो खुपतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात त्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार घातला गेला. वस्ती रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं गेली. चप्पल ही ह्या देशात नुसती 'फुटवेअर' कधीच नव्हती.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. मे २०२३ च्या अखेरीस गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार नोंदली गेली. कारण? चांगले कपडे नि डोळ्यावर गॉगल. "फार उडायला लागलास" असाच त्या माराचा अर्थ. हे आमचे फॅशन-समीक्षक. हे पुढच्या रांगेत वही घेऊन बसत नाहीत, काठी घेऊन येतात.

म्हणून म्हणतो, मिलानवाल्यांच्या भांडणात आपण कोणत्याही एका बाजूने उभं राहायचं कारण नाही. 'साधं, टिकाऊ, घालण्याजोगं तेवढंच खरं' म्हणणारा आपल्याला जुन्या कपड्यांच्या गाठोड्याकडे ढकलतो. 'फँटसी ही कला, तिला हिशेब विचारू नका' म्हणणारा आपली चप्पल उचलून स्वप्नात पळून जातो. आपल्याला दोन्ही पाहिजेत, नि दोन्हींचा हिशेब पाहिजे. आपण शिवलं त्याची मजुरी. आपल्याला आवडलं ते घालून भर चौकातून चालायची मोकळीक.

नि शहरातल्या माझ्या दोस्तांनो, तुम्हालाही दोन शब्द. फूटपाथवर बड्या ब्रँडची नक्कल घेता, छातीवर परक्याचं नाव मिरवता. मिरवा, मी मास्तर नाही. पण ज्या नावासाठी पैसे मोजता ते नाव कोणाच्या हाताने कमावलं हे विचारायची सवय लावा. शहरात आल्यावर आपल्यातले कित्येक बापाचा धंदा लपवतात. बाप रापी चालवायचा हे सांगायची लाज वाटते, नि त्याच रापीने कापलेला पट्टा परदेशी पेटीतून आला की इन्स्टाग्रामवर टाकतात. लाज वाटायची असेल तर धंद्याची नको, त्या धंद्याला वास चिकटवणाऱ्यांची वाटू द्या.

करायचं काय? आरडाओरडा करून घरी जायचं नाही. एक — प्राडाशी झालेल्या करारातली मजुरी महामंडळाने जोडामागे, कामामागे, बाई-पुरुष वेगवेगळी जाहीर करावी. जिथं तुमची शाखा आहे तिथून पत्र जाऊ द्या. दोन — भौगोलिक निर्देशांकाच्या कारभारात शिवणारे नि कमावणारे बसले पाहिजेत, नुसते साहेब नकोत. तीन — सातपुड्यात जुन्या कपड्यांचे टेम्पो पाठवणाऱ्या कॉलेजांतून तुम्ही शिकत असाल तर तिथं उभं राहून विचारा: उसतोडीचा दर वाढावा म्हणून तुमच्या संस्थेने कधी टेम्पो काढला का? ज्याच्या हातात दर आहे तो आपला शर्ट आपण घेतो, रंगही आपण निवडतो.

घालण्याजोगं काय ते शिवणारा ठरवेल नि घालणारा ठरवेल. मनूला आपण १९२७ साली जाळलं. त्याचं माप घेऊन कोणी मिलानहून येवो की मुंबईहून टेम्पो भरून येवो, आपल्या अंगाला ते बसत नाही. परत न्या म्हणावं.